ज्वारीच्या कोठीतला डबा

नाम्या, मुडदा बशिवला तुझ्या त्या मालकाचा, भाऊसाहेबाचा, त्यानं तुझा फ्लेक्स लावलाय. बसस्टँडवरून तुमच्या लॅबकडं वळताना कोपऱ्यावर, दोन खांबांच्या मधे. लॅबच्या उद्‌घाटनाच्या ग्रुप फोटोतून तुझं तोंड तेवढं कापून घेतलंय, शेजारच्या कुणाचा तरी खांदा अजून दिसतोय. खाली लिहिलंय, 'आमचे निष्ठावान सहकारी नामदेव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि त्याच्याखाली स्वतः भाऊसाहेब, हात जोडून, तुझ्या दुप्पट मोठा. मेलास तू आणि फोटो त्याचा मोठा. काल रिक्षातून जाताना बघितला तेव्हा वाटलं, उतरावं आणि टराटरा फाडावा. रिक्षावाला म्हणाला, "काय झालं, मावशी?" मी म्हटलं, "काय न्हाई, चल तू."

तुझा तेरावा झाला, आज सोळावा दिवस. तुझीच लांब वही घेऊन बसलेय, मागची पानं कोरी आहेत. जे झालं ते त्याच आठवड्यात लिहून ठेवायचं, नंतर माणूस आपल्या सोयीनं आठवतो, हे तूच माझ्या डोक्यात बसवलंस. मी बारावी झालेली बाई, पीठ दळत असले म्हणून काय झालं, लिहिता येतं मला. तर लिहिते. कुणावर राग आहे तेही लिहिते, आणि तू 'जाऊ दे अक्का' म्हणायला इथं नाहीस, त्यामुळं सगळंच लिहिते.

तुझ्या त्या लॅबचं मला आधी काही कळत नव्हतं. रक्त घेतात, लघवी घेतात, कागद देतात, एवढंच. तू तिथला कॉम्प्युटर सांभाळायचास. एकदा मी विचारलं, "त्यात सांभाळण्यासारखं काय हाय रे? ढोर हाय का ते, चारापाणी घालायला?" तर तू हसला नाहीस. म्हणालास, "अक्का, बारा वर्सांचे रिपोर्ट हायेत त्यात. लोकं कागद संभाळत न्हाईत. डोंगराकडली मेंढरंवाली येतात, त्यांचं बिऱ्हाड पाठीवर. कागद भिजतो, फाटतो, हरवतो. मग इथं येऊन म्हणतात, कॉम्प्युटरात बघा की. ते मशीन गेलं तर त्यांना काय सांगू?"

मग छत्रपती संभाजीनगरहून तो टाय लावलेला माणूस आला होता, आठवतं? सगळी माहिती दूर कुठंतरी ठेवून देतो, तुमचं ऑफिस जळलं, बुडलं तरी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी चालू करून देतो म्हणाला. भाऊसाहेबांनी आकडा ऐकला आणि त्याला चहा पाजून वाटेला लावला. तुला म्हणाले, "आपल्याला काय बँक चालवायची हाय का? देवाच्या दयेनं आजवर काय झालंय?" तू दुसऱ्या दिवशी स्वतःच बसलास. दोन डिस्का आणल्यास, एक जुना लॅपटॉप कुणाकडून तरी मिळवलास आणि एका कागदावर सगळं उतरवून तो प्लॅस्टिकमध्ये घालून लॅबच्या दारामागं लावलास. एवढ्यात लॅबचं काम भागलं. तुझा एकच मोठा नियम होता, आणि तो तू मला इतक्या वेळा ऐकवलास की मी पीठ चाळताना पुटपुटत असे. सगळ्या प्रती कधीच एका छपराखाली आणायच्या नाहीत. एक डिस्क लॅबच्या कपाटात, दुसरी तुझ्या खोलीवर, दर आठवड्याला अदलाबदल.

आणि तिसरी माझ्याकडं. ती तू तुझ्या खिशातून आणलीस, लॅबच्या नाही.

अमावस्येला तुमच्याकडं गर्दी नसायची. त्या दिवशी सुई टोचून घ्यायला लोक नको म्हणतात. मग तू दुपारची गाडी धरून पालीला यायचास, पिशवीत डिस्क आणि तो लॅपटॉप. माझ्या ओट्यावर बसून नवी प्रत करायचास. डिस्क स्टीलच्या डब्यात, डब्यात बुटाच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या, आणि डबा माझ्या घरातल्या ज्वारीच्या कोठीत, लिंबाच्या पाल्याखाली. मी म्हणायचे, "लोकं कोठीत सोनं लपवतात, आणि माझा भाऊ लोकाची लघवी लपवतोय." तेव्हा मात्र तू पोट धरून हसायचास.

मला चहाला उठू द्यायचा नाहीस. "अक्का, आधी उघडून दाव." प्रत घेतली म्हणजे झालं नाही, ती परत उघडते का ते बघितलं पाहिजे, हा तुझा दुसरा नियम. मी पिठाचे हात पदराला पुसायचे आणि बसायचे. तो भला लांबलचक पासवर्ड तू मला पाढ्यासारखा पाठ करायला लावलास. तो मी इथं लिहीत नाही, घाबरू नको. पहिल्या खेपेला माझं एक अक्षर चुकलं, दुसऱ्या खेपेला मी चुकीचं बटण दाबून सगळं बंद केलं, आणि तू कपाळाला हात लावून बसलास. पाचव्या-सहाव्या अमावस्येला मी एकटीनं सगळं उभं केलं. तेव्हा तू म्हणालास, "झालं, आता मी मेलो तरी चालंल." मी तुला लाटणं फेकून मारलं होतं. लागलं का रे ते? विचारायचं राहूनच गेलं.

लग्न कर म्हणून मी किती डोकं फोडलं तुझ्यापुढं. चाळिशी आली तरी भाड्याच्या एका खोलीत, एक पातेलं आणि एक तवा. तू म्हणायचास, "तुला डबा संभाळायला लागतो तेवढा पुरे की, अजून एक माणूस काऊन आणू त्रासाला?" आई-बाप गेले, तुझे दाजी गेले, मला तू आणि तुला मी. आता गिरणीवर बायका येतात, पदर तोंडाला लावतात, म्हणतात लई गुणी होता. मला माहीत आहे गुणी होता. मला गुणी नको होता, जिवंत पाहिजे होता.

बरं, आता खंडेनवमीचं लिहिते. हे नीट लिहायचंय.

भाऊसाहेब जमीनजुमल्याचे, त्यांच्या घरी खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडायची पद्धत. नांगराच्या फाळापासून बंदुकीपर्यंत. यंदा त्यांच्या मनात आलं, लॅबचीही पूजा थाटात करायची. मायक्रोस्कोप आला, रक्त फिरवायचं मशीन आलं, गाडीची किल्ली आली. कॉम्प्युटर होताच. कपाटातली डिस्क काढली, तिला कुंकू लावलं. मग विचारलं, "दुसरी कुठंय? दोन व्हत्या ना?"

तू म्हणालास, "एक माझ्या खोलीवर असती, भाऊसाहेब. ती इथं आणायची न्हाई, तसा नियमच हाय."

"अरे, ती बी हत्यारच हाय की! देवापुढं हत्यारं एका जागी लागतात. एक घरी ठिवायचं आन्‌ एकाची पूजा करायची, असं असतंय का कुठं?"

तू तीनदा नाही म्हणालास. हे मला तू नाही, रेखानं सांगितलं. तीच ती, तुमच्याकडची रक्त घेणारी पोरगी. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "देवापेक्षा तू शहाणा हायेस का बे?" आणि सगळे हसले. मग तू गेलास आणि खोलीवरून डिस्क घेऊन आलास. पालीच्या डब्याबद्दल बोलला नाहीस, नाहीतर त्यांनी तोही मागवला असता. तेवढी अक्कल देवानं तुला दिली.

टेबलावर तांबडं कापड अंथरलं, झेंडूच्या माळा घातल्या, डिस्कांच्या मधोमध समई लावली. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, ती विश्रांतीला असतात, म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं आणि सगळे जेवायला गेले. वर पंखा तसाच चालू. परत आले तेव्हा दाराखालून धूर येत होता. माणसाला काही झालं नाही, बाकीच्या खोल्या वाचल्या. कॉम्प्युटर आणि दोन्ही डिस्का तेवढ्या गेल्या, एकमेकीला चिकटून, हळदीकुंकवासकट.

आता त्या कागदाबद्दल. तुझ्या कागदाच्या खाली तू एक तक्ता आखला होतास. काय चुकलं, कुणाकडून चुकलं, आता काय करायचं. पहिल्या ओळीत तुझंच नाव होतं. एप्रिलच्या उन्हात डिस्क गाडीच्या डिकीत विसरली, नामदेव. दुसऱ्या ओळीत रेखा, मोबाईल लावायला कॉम्प्युटरची पिन काढली. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, शेजारी हसरं तोंड काढलंय. नाव रागानं लिहायचं नाही, तू म्हणायचास, पुन्हा होऊ नये म्हणून लिहायचं. त्या संध्याकाळी आग विझल्यावर तू प्लॅस्टिकमधून तो कागद काढलास. तिसरी ओळ लिहिलीस. 'खंडेनवमी. कॉम्प्युटर आणि दोन्ही डिस्का पूजेला एका टेबलावर मांडल्या. जळाल्या.' आणि नावाची जागा मोकळी ठेवून तू कागद आणि पेन भाऊसाहेबांच्या पुढं धरलंस.

असा कसा रे तू? कुणापुढं काय धरावं, एवढं पण कळू नये?

पेशंट बसलेले, स्टाफ उभा, आणि ते ओरडले, "माझं नाव लिव्हतो का? तुझ्या हातानं वाट लागली लॅबची! तुझं ते कागदी शास्त्र काय कामाला आलं? चल, निघ इथून!" कागद तुझ्या तोंडावर फेकला. दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगितलं की नामदेवनं निष्काळजीपणा केला. तू माझ्याकडं आलास, हातात पिशवी, पायात एकच मोजा. दुसरा कुठं गेला ते तुला सांगता येईना.

रात्री जेवताना मात्र तू म्हणालास, "अक्का, काय बी गेलं न्हाई. सर्वपित्रीची प्रत हाय आपल्या डब्यात. फक्त नऊ दिवसांचं गेलंय. उद्या जाऊन चालू करून देतो." तोंडावर हसू होतं तुझ्या. तोंडावर कागद फेकलेल्या माणसाच्या तोंडावर हसू.

आणि मी म्हणाले, "जाऊन तर बघ."

डबा माझ्या कोठीत होता. मी कोठीचं झाकण लावलं आणि वर बसले. "आधी त्यानं यायचं," मी म्हटलं, "जेवढ्या लोकात शिव्या घातल्या तेवढ्या लोकात चूक कबूल करायची. मग डबा." तू म्हणालास, "अक्का, ते रिपोर्ट भाऊसाहेबाचे न्हाईत, लोकाचे हायेत." मी म्हटलं, "लोक हसले ना तुला? बसू दे लोकाला पण."

तू फोन करून बघितलास. ते उचलत नव्हते. तुझ्याकडं तिसरी प्रत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनी तुझा कागद कधी वाचलाच नव्हता. रोज सकाळी तू आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचास, लॅबला जायचं असल्यासारखा. चहा पिऊन विचारायचास, "आज जाऊ का?" मी नाही म्हणायचे. मग तू गिरणीवर यायचास आणि पोत्यावर बसायचास. एकदा म्हणालास, "धारूरकडली सोनाबाई येऊन बसली असंल. म्हाताऱ्याच्या किडनीचं हाय. मोठ्या दवाखान्यात मागचे रिपोर्ट मागतात, किती वाढलं ते बघायला. तिचे कागद गेल्या साली ओढ्यात गेले." मी म्हटलं, "तिला सांग भाऊसाहेबाच्या घरी जाऊन बस म्हणून." तू माझ्याकडं बघितलंस आणि उठून पीठ चाळायला लागलास.

अठरा दिवस. अठरा वेळा तू विचारलंस.

वसुबारसेच्या सकाळी गिरणीवर चकलीच्या भाजणीची झुंबड होती. बायका डबे घेऊन दारापर्यंत. तू माझ्या हाताखाली डबे ओतत होतास, कुणाचा कुठला ते बरोबर ध्यानात ठेवून. मधेच जवळ आलास आणि गिरणीच्या आवाजात कानाशी म्हणालास, "अक्का, आज जाऊ का? दिवाळीची सुट्टी लागंल परत."

मी म्हटलं, "बस गप एका जागी."

तू बसलास. पोत्यावर, भिंतीला टेकून. मी आणखी दोन डबे दळले. तिसऱ्या डब्याची बाई म्हणाली, "अवो, तुमचा भाऊ कलंडला." डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हटलं हृदय कसलं, खून आहे हा. आणि कुणी केला तेही मला माहीत होतं. तेरा दिवस मी एकच नाव घेत होते. तुझ्या पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली, वचन द्या. मी पुढं झाले आणि म्हटलं, "त्याला सोडत न्हाई, नाम्या." कावळा आला नाही. मग दर्भाचा करून शिववला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, पण रागात असलं की मला कुठं काय कळतं?

चौदाव्या दिवशी ते आले. रेखानं तुझा कागद उचलून परत दारामागं लावला होता, तिनंच त्यातली तिसऱ्या प्रतीची, डब्याची ओळ त्यांना वाचून दाखवली. पांढरी गाडी गिरणीसमोर थांबली. पांढरे कपडे, म्हणून आत येईनात, उंबऱ्याशी उभे. मी गिरणी चालूच ठेवली. बोलायचं तर ओरडून बोल.

"अक्का, नामदेव माझ्या पोरासारखा व्हता!"

"काय म्हणता? ऐकू येईना!"

"पोरासारखा! व्हता!"

"कोण?"

नाम्या, तेव्हा मला जी मजा आली ना, देवाशप्पथ, मी खोटं बोलणार नाही. दळायला आलेल्या बाया तोंडात पदर घालून बघत होत्या. शेवटी ते दोन पावलं आत आले आणि खांद्यावर पीठ उडालं. म्हणाले, "तो डबा तेवढा द्या. लोकांचे लई हाल चाललेत. तुमाला काय पाहिजे ते मागा."

मी म्हटलं, "डबा मी घेऊन येते. उद्या दहाला. तुमच्या गर्दीच्या टायमाला."

तर काल गेलते. पिशवीत डबा. तुझा फ्लेक्स बघून तोंड कडू झालेलंच होतं. लॅबमध्ये बाकडी भरलेली, लोक भिंतीला टेकून उभे. तुझ्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं, नवा कॉम्प्युटर नुसता झाकून ठेवला होता. रेखा मला बघून रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको, तो कागद आण."

तिनं दारामागून काढून आणला. मी तो आजवर कधी बघितला नव्हता, नाम्या. तू मला पाठ करून घेतलंस, पण कागद लॅबमध्येच राहिला. वर तुझं ते नेटकं, शाळेतल्या फळ्यावरचं अक्षर. एक, अमुक करावे. दोन, तमुक करावे. आणि सहाव्या नंबरला, 'नामदेव नसेल तर: अक्का, गिरणी, पाली. तिला सगळं येतं.'

तिला सगळं येतं. शेजारी माझा फोन नंबर.

मी तिथंच बाकड्यावर बसले आणि ती ओळ परत वाचली. रेखानं पाणी आणलं. तू सुट्टीवर असशील, तापानं पडला असशील, अशा वेळेसाठी लिहिलं होतंस, मला माहीत आहे. पण काल ते वाचताना तू कुठं सुट्टीवर होतास?

पाणी प्यायले आणि राग परत आला, बरं झालं. भाऊसाहेब बाहेर आले, हात जोडून. मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, जिथं नावाची जागा मोकळी आहे. "हितं लिहा," मी म्हटलं, "तुमच्या हातानं. मग डबा उघडते."

ते हळू आवाजात म्हणाले, "अक्का, आत केबिनमध्ये चला, बसून बोलू."

"त्याला आत नेऊन बोललात का?"

"चूक कुणाची का असंना, माणूस गेलाय. मेलेल्याच्या नावानं भांडण काऊन करता?"

"जित्याच्या नावानं करतेय. तुमच्या. लिहा."

त्यांचं तोंड लालबुंद झालं. माणसं बघतायत, गावात पद, गळ्यात चेन. म्हणाले, "न्हाई लिव्हत. काय करायचं ते करा." आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

मी पण डबा छातीशी धरला. मनात म्हटलं, आता जळू दे परत. घेऊन जाते कोठीत, बसते झाकणावर, बघू कोण थकतं. जन्मभर बसायची माझी तयारी होती. उठलेच होते.

तर खाली भिंतीशी बसलेली एक म्हातारी बोलली. हातात काठी, पायात जाड वहाणा, धाबळीचा वास. "बाई," ती म्हणाली, "तुमचं भांडण खरं असंल. मला काय ठावं न्हाई. पर माझ्या म्हाताऱ्याचा कागूद त्यात आसंल तर तेवढा काढून द्या. चौथी खेप हाय माझी धारूरवरनं. त्यो मोठ्या दवाखान्यात पडून हाय, थोरली सून हाय संगट. कागूद बगितल्याबिगर पुढलं सांगंनात."

मी विचारलं, "तुमी सोनाबाई का?"

ती म्हणाली, "तुमाला कसं ठावं?"

काय सांगू तिला, मला कसं ठावं? माझ्या भावानं तुझं नाव घेतलं होतं, पोत्यावर बसून, आणि मी त्याला उलटून बोलले होते. ती चार खेपा घालत होती, आणि त्यातल्या निदान दोन तरी तू जिवंत असताना. मी कोठीवर बसले नसते तर तू पहिल्याच दिवशी सगळं उभं केलं असतंस. तुझ्या त्या अठरा सकाळी मी घेतल्या, भाऊसाहेबांनी नाही. हे मला काल तिथं, भर गर्दीत, डबा छातीशी धरून कळलं. कावळा कशाला थांबला होता तेही.

मी तुझ्या खुर्चीत बसले. रेखा म्हणाली, "येतंय का, अक्का?" मी कागदाकडं बोट दाखवलं. वाच, काय लिहिलंय.

डिस्क लावली. तुझ्या क्रमानं, पहिलं ते पहिलं. पासवर्ड एका दमात टाकला. पडद्यावर ती पट्टी हळूहळू पुढं सरकायला लागली, तुला आवडायची तशी, आणि सगळी बाकडी मान उंच करून बघत होती. अर्धा तास लागला. कुणी हललं नाही. मग नावं यायला लागली. मी सोनाबाईच्या म्हाताऱ्याचं नाव टाकलं. दोन वर्षांचे रिपोर्ट, एकाखाली एक. छापायच्या मशीनमधून कागद येत राहिले. सोनाबाईनं ते पदरात घेतले आणि मला हात जोडले. मी तिचे हात खाली केले. म्हटलं, "मला नको. फ्लेक्सवर लहान फोटो हाय ना, त्याला हात जोडा जाताना."

तिनं विचारलं, "मग जळालं तरी कसं गं हे समदं?"

मी रेखाकडं बघितलं. रेखा बोलली. उभी राहून, मोठ्यानं, समईपासून पंख्यापर्यंत सगळं. तुला तीनदा नाही म्हणायला लागलं तेही. केबिनचं दार बंदच होतं, पण दाराखालून त्यांच्या पायाची सावली दिसत होती. ऐकत होते. ऐका म्हणावं.

मग मी पेन घेतलं. तुला वाटेल, अक्कानं त्यांचं नाव लिहिलं. नाही. तुझा नियम आहे, ज्याचं त्यानं लिहायचं. ती ओळ मी तशीच सोडली, मोकळी. आणि तिच्याखाली चौथी ओळ लिहिली. काय चुकलं, चांगली डिस्क महिनाभर कोठीत अडवून धरली, माणूस विचारत होता तरी. कुणाकडून, अक्का. आता काय करायचं, या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तो रकाना मोकळाच ठेवला. तिथं तू सांगितलं असतंस काहीतरी.

कागद परत दारामागं लावू दिला नाही. बाहेर लावलाय, लोक बसतात तिथं, भाऊसाहेबांच्या सत्काराच्या फोटोखाली, डोळ्यांच्या उंचीला. रोज पन्नास माणसं तिथं तासतासभर बसून असतात, त्यांना वाचायला दुसरं काही नाही. तू, रेखा, मोकळी जागा, मी. कुणीही विचारेल, मधलं कोण? शेजारी खिळ्याला दोरी बांधून पेन लटकवून आलेय.

डिस्क परत आणलीय. डबा कोठीत, पाल्याखाली, पुड्या बदलल्या. येत्या अमावस्येला दुपारची गाडी धरून मीच जाणार, नवी प्रत करून आणायला. दर अमावस्येला जाणार. गेले की आधी भिंतीकडं बघणार, मग कॉम्प्युटरकडं.